एकाच रूपाचे दोन जंतू : अतिसाराच्या परजीवीची जनुकीय ओळख

पावसाळा सुरू झाला की लहान वर्गांच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. पालकांकडे विचारणा करावी, तर ‘पोराला जुलाब लागले आहेत’ असे उत्तर मिळते. अतिसाराची कारणे अनेक आहेत. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा, आतड्यात राहणारा एकपेशीय परजीवी हे त्यांपैकी एक होय. आफ्रिका व दक्षिण आशियातील सात ठिकाणी झालेल्या व 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत कोलकात्याचाही समावेश होता. तान्ह्या मुलांच्या तीव्र अतिसाराच्या प्रमुख कारणांत हा परजीवी आहे, असे तीत आढळून आले.

रोग्याच्या शौचावाटे या परजीवीची सूक्ष्म बीजपुटी लाखोंच्या संख्येने बाहेर पडतात. एकेक पुटी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकी असते. तिचे कवच इतके कठीण असते की, पिण्याच्या पाण्यात घालण्यात येणाऱ्या क्लोरीनच्या मात्रेने ती मरत नाही.

या परजीवीच्या अनेक जाती आहेत. माणसात मुख्यत्वे दोन आढळतात. ‘होमिनिस’ ही जाती प्रायः माणसाकडून माणसाकडे जाते. ‘पार्व्हम’ ही माणसाप्रमाणेच वासरांतही वाढते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन्ही सारख्याच दिसतात. कडू दुध्याचे व गोड दुध्याचे बी हातावर घेतले, तर नुसत्या डोळ्यांनी भेद कळत नाही. तो बियांच्या अंतरंगात असतो. तसेच येथे आहे.

हे अंतरंग म्हणजे डीएनए हे आनुवंशिक द्रव्य. प्रयोगशाळेत रोग्याच्या शौचाच्या नमुन्यातील पुटी वारंवार गोठवून व वितळवून फोडतात आणि त्यांतील डीएनए वेगळे करतात. त्यातील ठराविक जनुकाच्या असंख्य प्रती तयार करून त्यांतील घटकांचा क्रम वाचला जातो. या क्रमावरून जाती ठरते. दुसऱ्या एका जनुकावरून तिचा उपप्रकारही कळतो.

या ओळखीचे महत्त्व अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. 1993 च्या वसंत ऋतूत तेथील नळाच्या पाण्यातून ही साथ पसरली आणि अंदाजे 4,03,000 लोक आजारी पडले. शहराला पाणी मिशिगन सरोवरातून मिळत असे. सरोवराकडे वाहणाऱ्या नद्यांकाठची गुरे, कत्तलखाने आणि माणसांचे सांडपाणी या सर्वांवर संशय होता. पुढे जतन केलेल्या थोड्या नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा त्यांत माणसातील प्रकार आढळला. नमुने थोडे असले, तरी संशयाचा रोख गुरांवरून माणसांच्या मैलापाण्याकडे वळला. याच प्रकाराला 2002 साली ‘होमिनिस’ ही स्वतंत्र जाती मानण्यात आले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘पार्व्हम’ आढळली म्हणजे दोष गोठ्याचाच, असे नव्हे; तिचे काही उपप्रकार माणसामाणसांतच फिरतात. म्हणूनच उपप्रकारापर्यंत तपास करावा लागतो.

तामिळनाडूतील वेल्लोर येथे मुलांवर झालेल्या अभ्यासांत बहुतांश नमुन्यांत ‘होमिनिस’च आढळली. यावरून निघणारा बोध सरळ आहे. केवळ गुरे दूर बांधून भागणार नाही; माणसाची विष्ठा, माणसाचे हात व पिण्याचे पाणी यांतील साखळी तोडली पाहिजे.

जनुकीय तपासणी हे प्रयोगशाळेचे काम आहे. साखळी तोडणे हे शाळेचेही काम आहे. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय वर्गावर्गात लावावी. साथीच्या दिवसांत पाणी खळखळून एक मिनिट उकळावे, हे पालकसभेत सांगावे. जुलाब थांबल्यावरही काही आठवडे पुटी बाहेर पडत असतात. म्हणून बऱ्या झालेल्या मुलाच्या हातांकडेही लक्ष असावे. जुलाब होत असलेल्या मुलाला जलसंजीवनी पाजत राहून आरोग्य केंद्रात नेण्यास सुचवावे. तेथील उपचार वेळेवर मिळाले, तर ते मूल लौकर पुन्हा वर्गात दिसेल.