ट्रकचा रोबो : मुलांच्या हाती देण्यापूर्वी

परीक्षेचा निकाल लागला, मूल पास झाले, की आईबापाने दिलेला शब्द पाळायची वेळ येते. गेल्या वर्षी ती आमच्यावर आली. चिरंजीव दुसरीतून तिसरीत गेले आणि ठरल्याप्रमाणे मागणी झाली – ट्रकचा रोबो! हातपाय दुमडले की ट्रक, उलगडले की माणूस. परळच्या फुटपाथवर अडीचशे रुपयांना तो मिळाला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही कामावरून आलो, तर रोबोचा हात जमिनीवर पडलेला. दिवसभराचा शीण, त्यात अडीचशे रुपये पाण्यात. आमचा हात उठला. मुलगा रडत म्हणाला, “पप्पा, मी नाय मोडला. तो वळतच नव्हता.” आम्ही ऐकून घेतले नाही.

जेवणे झाल्यावर आमची मुलगी तो मोडका रोबो घेऊन शेजारच्या आजोबांकडे गेली. आजोबा गिरणीत फिटर होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, हातातली कला सुटली नाही. चष्मा चढवून त्यांनी रोबोचा खांदा पाहिला आणि आम्हाला हाक मारली. “पोराला उगाच मारलंत. ह्याच्या बिजागरीत पिनच नाही. प्लास्टिकमध्ये प्लास्टिक नुसतं दाबून बसवलंय. चार वेळा फिरवलं की तुटणारच.”

आम्ही मुलाला जवळ घेतले आणि चूक कबूल केली. त्या दिवसापासून ठरवले की, हे खेळणे आधी आपण समजून घ्यायचे.

हे आले कुठून?

या खेळण्याचे माहेर जपान. तिथल्या टाकारा कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रूप बदलणारे रोबो काढले. १९८४ साली अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने तेच ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने विकायला आणले. ट्रकच्या रोबोला नाव दिले ‘ऑप्टिमस प्राइम’. त्याच वर्षी टी.व्ही.वर कार्टून मालिका आली. म्हणजे खेळणे खपावे म्हणून गोष्ट रचली गेली. पुढे १९८६ च्या सिनेमात, बाजारात नवी खेळणी आणायची म्हणून या नायकालाच मारून टाकले. मुले थिएटरात रडली, आईबापांनी तक्रारी केल्या, आणि १९८७ साली मालिकेत त्याला पुन्हा जिवंत करावे लागले. मुलांचा हट्ट कारखान्यात कसा तयार होतो, हे यावरून ध्यानात यावे. हट्ट धरणाऱ्या मुलावर चिडण्यापूर्वी एवढे तरी आठवावे.

दोन जाती

बाजारात हा रोबो दोन प्रकारचा मिळतो. एक सेलवर चालणारा. बटण दाबले की दिवे लागतात, गाणे वाजते, ट्रक पळतो आणि आपोआप उभा राहतो. पाहायला मजा येते. पण मुलाने फक्त पाहायचे. चार दिवसांत कंटाळा येतो, सेल संपतात, आणि हाताने ओढून उघडायला गेले की आतले दाते तुटतात.

दुसरा हाताने वळवायचा. आधी डोके आत, मग हात मागे, मग पाय जुळवायचे. क्रम चुकला तर ट्रक होत नाही. इथे मुलाचे डोके आणि बोटे दोन्ही कामाला लागतात. आमचे मत विचाराल तर हाच घ्यावा.

पारख कशी करावी?

पहिली गोष्ट आय.एस.आय. शिक्क्याची. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर हा शिक्का सक्तीचा आहे. शिक्क्यावर आय.एस. ९८७३, किंवा सेलचे खेळणे असल्यास आय.एस. १५६४४ हा आकडा असतो, आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो क्रमांक घालून खरेखोटे पाहता येते.

दुसरी गोष्ट सांध्यांची. खांदा, कंबर, गुडघा इथे धातूची पिन किंवा स्क्रू दिसतो का ते बघावे. दुकानदाराला सांगून एकदा पुरा ट्रक करून पाहावा. वाकते तिथे प्लास्टिकवर पांढरी रेघ उमटली, तर ते तिथेच तुटणार असे समजावे. उग्र वास येणारे किंवा नखाने रंग निघणारे खेळणे परत ठेवावे.

तिसरी गोष्ट घरातल्या तान्ह्याची. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत मोठ्याचे खेळणे धाकट्याच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. साधारण सव्वा इंच रुंद नळीत मावेल एवढा तुकडा तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतो. रोबोची मूठ, बंदूक, चाक हे सगळे त्यात बसते. दिव्यासाठी बटणासारखा चपटा सेल असेल तर त्याचे झाकण स्क्रूने बंद हवेच. तो सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. वाट न बघता थेट इस्पितळ गाठावे.

थोडा हिशेब

अस्सल कंपनीचा मोठा रोबो हजारांच्या घरात जातो. परदेशी खेळण्यांवरची आयात जकात २०२० साली वीसवरून साठ टक्के झाली, २०२३ साली सत्तर. पगारदार माणसाने त्यासाठी उसनवारी करू नये. पण अडीचशेचा रोबो तीन दिवस टिकला, म्हणजे दिवसाला ऐंशी रुपयांच्या वर पडला. पुढे आम्ही महात्मा फुले मंडईमागच्या गल्लीतून शिक्क्याचा, पिनांचा, हाताने वळणारा रोबो सहाशेला आणला. तो वर्षभर टिकला आहे. दिवसाला दोन रुपयेसुद्धा पडले नाहीत. स्वस्त कोणता ते वाचकांनीच ठरवावे.

मोडका रोबोही वाया गेला नाही. आजोबांनी खांद्याला गरम सुईने भोक पाडून तारेचा तुकडा बसवला. मुलगा जोर लावायला गेला तेव्हा म्हणाले, “जोर लावू नको बाळा. तो कुठल्या बाजूला वळायला तयार आहे, ते आधी बघ.”

मुलगी बाजूला उभी राहून सगळे पाहत होती. तिला कोणी खेळणे दिले नव्हते, ते मुलाचे म्हणून आणलेले. दुसऱ्या दिवशी न चुकता पहिला ट्रक तिनेच केला, आणि भावाला शिकवलाही. यंदा निकालाला तिने आमच्याकडे काय मागावे? एक स्क्रूड्रायव्हर. आम्ही तो आणून दिला आहे.