डेक बदलला, आवाज तोच! गाडीतल्या संगीताबद्दलचे पाच गैरसमज

बेस मॉडेल गाडी घरी आली की पूजेनंतरची दुसरी फेरी बहुधा अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात होते. बजेट दहा-पंधरा हजारांचं असतं. काउंटरवर मात्र भलामोठा स्क्रीन, हजार वॅटचा स्टिकर आणि बारा इंची वूफर यांचीच चर्चा रंगते. दिसायला हे सगळं छान असतं, पण कानापर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं.

गैरसमज १ : डेकवर ‘५० × ४’ लिहिलंय, म्हणजे २०० वॅट मिळणार.

वस्तुस्थिती : हा क्षणभराचा कमाल आकडा आहे. इंजिन सुरू असताना डेकला साधारण १४ व्होल्ट मिळतात. तेवढ्या व्होल्टेजवर ४ ओहमच्या स्पीकरला सलग पंचवीसेक वॅट मिळू शकतात, तेही कागदावर. आवाज न फाटता प्रत्यक्षात मिळतात १५ ते २०. म्हणून खोक्यावर ‘आरएमएस’ हा शब्द शोधा आणि त्यापुढचाच आकडा खरा माना.

शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, तो फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा ८८ ऐवजी ९१ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर निवडला, तर ३ डेसिबलची तीच वाढ त्याच डेकवर मिळते.

गैरसमज २ : मोठा अँड्रॉइड स्क्रीन बसवला की आवाज सुधारतो.

वस्तुस्थिती : स्क्रीनमुळे नकाशा आणि रिव्हर्स कॅमेऱ्याची सोय होते. आवाज सुधारेलच असं नाही. गाडीचा मूळ डेक नीट चालत असेल, तर पहिला खर्च पुढच्या दोन दारांतल्या स्पीकरवर करा. गायक समोर उभा राहून गातोय असं वाटायला हवं, आणि ते काम पुढचेच स्पीकर करतात. मागचे स्पीकर मागे बसणाऱ्यांसाठी. ते नंतर बदलले तरी चालतात.

उंच स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ रेषेत जातात. ते वाजवणारा छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर, दारात खालीच असेल तर ते गुडघ्यांवर आदळतात. ट्विटर वेगळा असलेला कंपोनंट सेट घेतला, तर तो डॅशबोर्डच्या उंचीवर बसवता येतो. बजेट कमी असेल तर ट्विटर आतच बसवलेला चांगला कोअ‍ॅक्सिअल स्पीकरही पुरतो.

गैरसमज ३ : स्पीकर चांगला घेतला की काम झालं.

वस्तुस्थिती : दुकानातल्या लाकडी बोर्डावर दणदणीत वाजणारा स्पीकर तुमच्या दारात पोकळ वाजू शकतो. त्याचा कोन पुढची हवा ढकलतो तेव्हा मागची ओढत असतो. दाराच्या आतल्या पत्र्यातल्या मोठ्या भोकांमधून मागची लाट पुढे आली, की दोन्ही एकमेकींना मारतात आणि सगळ्यात आधी बेस जातो. ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट लावून ही भोकं बंद केली की पत्र्याचा खडखडाटही थांबतो. मात्र दाराच्या तळाशी पाणी निघायला ठेवलेली छिद्रं बुजवू देऊ नका. कोकणातल्या पावसात एका हंगामात दार गंजू लागेल.

आणखी एक तपासणी फुकटची. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडले गेले, तरी बेस असाच गायब होतो.

गैरसमज ४ : ट्विटर फक्त जास्त वॅटमुळे जळतात.

वस्तुस्थिती : कुवतीपलीकडे ताणलेला लहान अ‍ॅम्पही (अ‍ॅम्प्लिफायर) ट्विटर जाळतो. त्याचा आवाज फाटतो, तेव्हा सुरांची शिखरं कापली जाऊन उंच स्वरांत जादा ऊर्जा शिरते आणि ट्विटरची नाजूक कॉइल तापते. अ‍ॅम्पवरची ‘गेन’ ही आवाज वाढवायची कळ नाही. डेकचा सिग्नल अ‍ॅम्पशी जुळवायची ती सोय आहे. आवाज फाटू लागला की खाली या.

गैरसमज ५ : वायर कापल्याशिवाय जोडणी होत नाही.

वस्तुस्थिती : बहुतेक लोकप्रिय गाड्यांसाठी तयार कपलर मिळतात. कापाकापी केली तर पुढे एखादा इलेक्ट्रिकल बिघाड झाल्यावर वॉरंटीचा वाद होऊ शकतो. अ‍ॅम्प बसवणार असाल, तर बॅटरीवरून येणाऱ्या मुख्य वायरला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. ही वायर घासून बॉडीला टेकली, तर जवळच्या फ्यूजशिवाय प्रवाह थांबवणारं काही नसतं आणि आग लागू शकते.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवा : पुढचे स्पीकर, दारांचं डॅम्पिंग, मग लहान अ‍ॅम्प, आणि पैसे उरलेच तर सीटखाली मावणारा वूफर. स्क्रीन सगळ्यात शेवटी. दर टप्प्यानंतर महिनाभर ऐका. बऱ्याच जणांना दुसऱ्या टप्प्यानंतर दुकानात परत जावंसं वाटत नाही.