कूलर एक, हवा दोन तऱ्हांची

एप्रिल उजाडला की गंगापूर तालुक्यात घराघरांच्या खिडक्यांना कूलर लागतात. दुपारी पारा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि हवा कोरडीठाक असते. कूलरला हीच हवा मानवते. पण पुष्कळ घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. बाहेरच्या खोलीत छान गारवा असतो, आणि त्याच कूलरची हवा नळकांड्यातून आतल्या खोलीत नेली तर तिथे ती कोमट लागते. कधी कधी तर एकाच जाळीच्या डाव्या बाजूने गार आणि उजव्या बाजूने गरम झोत येतो. घरात आजारी आजी किंवा तान्हे बाळ असेल, तर तीन-चार अंशांचा हा फरक लहान म्हणता येणार नाही. मेकॅनिक येतो आणि "मोटर बदला" म्हणतो. मोटर बदलण्यापूर्वी तुम्ही एक तापमापी घ्या आणि दोष नेमका कुठे आहे ते शोधून काढा.

आधी कूलर हवा गार करतो म्हणजे काय करतो ते पाहू. रांजणातले पाणी जसे पाझरून, सुकून गार होते, तसेच हे आहे. पंखा बाहेरची हवा ओल्या पॅडमधून ओढतो. हे पॅड वाळ्याचे किंवा लाकडाच्या बारीक कुरळ्या तंतूंचे असते. त्यातल्या पाण्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि ती हवेतूनच घेतली जाते. म्हणून हवा गार होते, पण दमटही होते.

ही हवा किती गार होऊ शकेल, याला निसर्गानेच एक मर्यादा घातली आहे. प्रयोगशाळेतल्या साध्या तापमापीच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळा आणि ती सावलीत वाऱ्यावर धरा. पारा उतरत उतरत एका ठिकाणी थांबेल. हे आर्द्र फुग्याचे तापमान. बाहेर ४० अंश तापमान आणि २० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर ते २२ अंशांच्या जवळपास येते. साधा कूलर याच्या खाली जाऊ शकत नाही. चांगला भिजलेला कूलर या दोहोंमधले १८ अंशांचे अंतर साधारण तीन-चतुर्थांश कापतो. म्हणजे हवा १३.५ अंशांनी उतरून २६.५ अंशांवर यायला हवी. (तापाची तापमापी इथे उपयोगाची नाही. ती ३५ अंशांच्या खाली दाखवतच नाही.)

आता शोधाला लागू. तापमापी दोऱ्याने बांधून जाळीसमोर वीतभर अंतरावर धरा. डावा वरचा कोपरा, उजवा वरचा, डावा खालचा, उजवा खालचा, अशा चारही जागी पाच-पाच मिनिटे थांबून आकडे वहीत लिहा. जाळीच्या आत काहीही घालायचे नाही. पाणी आणि वीज एकत्र असलेले हे यंत्र आहे आणि कूलरच्या पत्र्यात वीज उतरून दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. कूलरला हात लावायचा तो बटण बंद करून, प्लग काढून आणि घरातल्या मोठ्या माणसाला जवळ उभे करूनच. त्याच वेळी प्लगला तिसरी, अर्थिंगची पिन आहे ना, तेही पाहून घ्या.

समजा डावीकडे २७ आणि उजवीकडे ३२ अंश भरले. उजव्या बाजूचे पॅड कुठेतरी कोरडे आहे, असा पहिला संशय घ्यावा. कोरड्या भागातून ४० अंशांची हवा जशीच्या तशी आत येते. एकूण हवेचा चौथा भाग असा आला, तर मिश्रणाचे तापमान काय होईल? तीन भाग २६.५ अंशांचे आणि एक भाग ४० अंशांचा: बेरीज ११९.५, भागिले चार, म्हणजे जवळजवळ ३० अंश. पॅडचा एक पट्टा सुकला आणि साडेतीन अंश गेले! शिवाय कोरडे पॅड ओल्यापेक्षा हवेला कमी अडवते. म्हणून हवा नेमकी तिकडूनच जास्त शिरते.

पॅड का सुकले, याचे उत्तर बहुधा वरच्या पन्हळीत सापडते. पंप पाणी वर नेतो आणि पन्हळीच्या बारीक भोकांतून ते पॅडवर ठिबकते. आपला भाग काळ्या बसाल्ट खडकाचा. इथल्या अनेक विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागे राहतात. टाकीत रोज नवे पाणी ओतले की रोज नव्या क्षारांची भर पडते. ते भोकांत आणि पॅडवर पांढऱ्या पापुद्र्यासारखे बसतात. भोके खराट्याच्या काडीने मोकळी करता येतात. कूलर खिडकीत तिरका बसला असेल, तर पन्हळीतले सगळे पाणी एकाच बाजूला धावते. यासाठी मेकॅनिक नको, लाकडाची पाचर पुरते.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून कोरडी केली की साठलेले क्षारही जातात आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी व अळ्याही नष्ट होतात. रिकामे केलेले पाणी झाडांना घालावे. पाण्याचा हिशेब आपल्याकडे विसरून चालत नाही. ताशी २,००० घनमीटर हवा ४० वरून २६.५ अंशांवर आणायला तासाला साधारण ११ ते १२ लिटर पाणी लागते. आठ तासांचे झाले नव्वद लिटरच्या वर, म्हणजे सहा हंडे. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत सहा हंड्यांचा गारवा पुरेपूर मिळायलाच हवा.

जाळीसमोर चारही आकडे सारखे आले आणि आतली खोली तरीही कोमट असली, तर दोष कूलरमध्ये नसून वाटेत आहे. नळकांडे तापलेल्या पत्र्यावरून जात असेल, तर हवा वाटेतच उष्णता घेते. इथे एक गंमत लक्षात ठेवा. नळकांड्यात उष्णता तेवढीच शिरत असेल आणि हवा निम्मीच वाहत असेल, तर तिचे तापमान जवळजवळ दुप्पट वाढते. म्हणून आतल्या खोलीची खिडकी बंद ठेवणे हा खरा घात आहे. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर नवी हवा आत येणार कशी? ती रेंगाळते, तापते आणि खोली दमट होते. खिडकी चार बोटे उघडा, नळकांड्यावर गोणपाटाचे किंवा गवताचे जाड आवरण घाला आणि पुन्हा मोजा.

थंड देशांत हाच प्रश्न उलटा होऊन भेटतो. तिथली घरे ऊब राखण्यासाठी घट्ट बंद असतात. म्हणून बाहेर जाणाऱ्या उबदार हवेची उष्णता पातळ पत्र्यांमधून आत येणाऱ्या थंड हवेला देणारी पेटी बसवतात. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत. कॅनडातील रेजायना येथे १९७७ साली बांधलेल्या सस्कॅचेवान कॉन्झर्व्हेशन हाउस या प्रायोगिक घरात अशी पेटी होती. बाहेर ० अंश, घरात २० अंश आणि पेटीतून आत येणारी हवा १६ अंशांची असेल, तर पेटीने उष्णतेतला फरक ८० टक्के भरून काढला. तिथेही एका खोलीत १६ आणि दुसरीत १२ अंशांची हवा येऊ लागली, तर तपास असाच करतात. आधी पेटीच्या तोंडाशी मोजायचे, मग प्रत्येक खोलीत. पेटीशी १६ अंश भरत असतील, तर माळ्यावरच्या थंडीतून गेलेले उघडे नळकांडे किंवा त्यातला मंदावलेला प्रवाह दोषी असतो. पेटीशीच कमी भरले, तर गाळणी तुंबली आहे का, आणि आत येणारी हवा व बाहेर जाणारी हवा सारख्या प्रमाणात वाहते का, ते पाहतात.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की गंगापुरातला कूलर निकामी झाल्यासारखा वाटू लागतो. चारही कोपऱ्यांचे आकडे सारखे येतात, पण गारवा नाही. तेव्हा ओले फडके गुंडाळलेली तापमापी पुन्हा वाऱ्यावर धरून पाहा. बाहेर ३० अंश असताना ती २७ दाखवत असेल, तर कूलरच्या हाती तीनच अंश उरले आहेत आणि त्यातले तो सव्वादोन देतो आहे. अशा दिवसांत पंप बंद करावा आणि नुसता पंखा चालवावा.