लहान व्यापारी आणि समाजमाध्यमांचा बदलता बाजार

विक्रीला हांक लागते, ही गोष्ट बाजाराइतकीच जुनी आहे. आठवड्याच्या बाजारांत भाजीवाला ओरडतो, कासार दारोदार फिरतो आणि शहरांतील दुकानदार आपल्या नांवाची पाटी रंगवून घेतो, तो याचसाठीं. माल कितीहि चांगला असला, तरी तो कोठें मिळतो हें गिऱ्हाइकाला कळल्यावांचून त्याचा पैसा होत नाहीं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या हांकेची जागा मात्र बदलली. घरगुती मसाले करणारी गृहिणी, येवल्याचा पैठणी विणणारा विणकर, देवगडचा आंबेवाला, गल्लींतील शिंपी, हे सर्व आतां फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूब यांच्या द्वारें गिऱ्हाइकाला हांक मारतात. या बाजारांत बसण्यास भाडें पडत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. परंतु तेथील रीत वरचेवर पालटते आणि ज्याचें भांडवल थोडें, त्यालाच प्रत्येक पालटाची झळ अधिक लागते. मोठी कंपनी या कामासाठीं पगारी माणसें ठेवते. लहान व्यापाऱ्याला तें पोळ्या लाटून झाल्यावर किंवा दुकानाची फळी लावल्यावर स्वतःच करावें लागतें. म्हणून कोणत्या बदलामागें धांवावें आणि कोणता बदल जाऊं द्यावा, हा प्रश्न त्याच्या दृष्टीनें पोटापाण्याचा आहे.

हा पालट किती वेगानें होतो, हें पाहण्यासाठीं थोडा इतिहास ध्यानांत घेतला पाहिजे. एके काळीं भारतांतील तरुण मंडळींत ऑर्कुटचें नांव सर्वतोमुखीं होतें. तें ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद झालें. फेसबुकनें नोव्हेंबर २००७ मध्यें धंद्यांसाठीं स्वतंत्र पान उघडण्याची सोय केली आणि पुढें असंख्य लहान दुकानदारांनीं तेथें मोठ्या हौसेनें आपले चाहते जमविले. जानेवारी २०१८ मध्यें त्याच कंपनीनें जाहीर केलें, कीं यापुढें लोकांना धंद्यांच्या मजकुरापेक्षां आप्तेष्टांचा मजकूर अधिक दाखविला जाईल. पान तेंच राहिलें, चाहतेहि तेच राहिले. परंतु दुकानदाराची हांक त्यांच्या कानांपर्यंत जाण्याची वाट अरुंद झाली. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्यें निघालें, तें छायाचित्रांसाठीं. ऑगस्ट २०१६ मध्यें तेथें चोवीस तासांनीं नाहींशी होणारी ‘स्टोरी’ आली. पुढें २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें टिकटॉकसह ५९ अ‍ॅपांवर बंदी घातली. ज्यांनीं तेथें वर्ष-दोन वर्षें खपून प्रेक्षक मिळविला होता, त्यांचें तें सारें एका आज्ञेनें गेलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जुलै महिन्यांत, इन्स्टाग्रामनें भारतांत ‘रील’ हा आंखूड चित्रफितीचा प्रकार आणला आणि सप्टेंबरांत यूट्यूबचे ‘शॉर्ट्‌स’ आले. तेव्हांपासून स्थिर चित्रापेक्षां हलत्या चित्राचें महत्त्व फार वाढलें.

हे फेरफार केवळ लहरीनें होत नाहींत. या कंपन्यांचें मुख्य उत्पन्न जाहिरातींचें. माणूस जितका अधिक वेळ पडद्यापुढें बसेल, तितक्या अधिक जाहिराती त्याला दाखवितां येतात. म्हणून कोणाला काय दाखवावें, हें ठरविणारी गणिती नियमांची एक यंत्रणा प्रत्येक कंपनीनें तयार केलेली असते. तिला अल्गोरिदम म्हणतात. पाहणारा एखाद्या चित्रफितीवर किती वेळ थांबला, त्यानें ती पसंत केली काय, दुसऱ्या कोणाला पाठविली काय, अशा खुणांवरून ही यंत्रणा अंदाज बांधते. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाल्यावर भारतांत इंटरनेट अतिशय स्वस्त झालें आणि चित्रफीत पाहणें सर्वांच्या आवांक्यांत आलें. लोकांची संवय बदलली, तशी यंत्रणेची पसंती बदलली. दुकानदारानें येथें एक गोष्ट ओळखावी, कीं यंत्रणेचें हित पाहणाऱ्याला खिळवून ठेवण्यांत आहे, तर त्याचें स्वतःचें हित माल खपण्यांत आहे. हीं दोन्ही हितें कधीं एकत्र येतात, तर कधीं येत नाहींत.

यावरून बदलांचे तीन वर्ग करतां येतात. पहिला वर्ग लोकांच्या संवयींत झालेल्या टिकाऊ बदलांचा. फोन उभा धरून चित्रफीत पाहणें, भाव संदेशानें विचारणें, २०१६ पासून उपलब्ध झालेल्या यूपीआयनें पैसे देणें, या गोष्टी आतां रोजच्या झाल्या आहेत. त्या शिकून घेण्यास थोडा त्रास पडला, तरी तो सोसलाच पाहिजे. दुसरा वर्ग क्षणिक लाटांचा. एखादें गाणें, एखादा नाच, सिनेमांतील एखादें वाक्य आठ-पंधरा दिवस सर्वत्र ऐकूं येतें आणि मग कोणाला आठवतहि नाहीं. अशा लाटेंत शिरण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा: या चित्रफितींत माल दिसणार आहे, कीं केवळ लाट दिसणार आहे? शिवाय, गाणें लोकप्रिय आहे म्हणून तें धंद्याच्या जाहिरातीस वापरण्याची मोकळीक मिळत नाहीं. इन्स्टाग्रामवर धंद्याच्या खात्यांना मिळणारा संगीताचा संग्रह मर्यादित असतो, याचें कारण हेंच. तिसरा वर्ग कंपनीच्या आणि सरकारच्या नियमांचा. तेथें पसंती-नापसंतीला वाव नाहीं. नियम समजून घेणें आणि पाळणें, इतकेंच हातीं असतें.

समजा, पुण्यांतील एक गृहिणी थालिपिठाची भाजणी आणि लोणचीं करून विकते. आजवर ती बरण्यांचीं छायाचित्रें टाकीत आली. आतां तीं कोणी पाहीनासें झालें. अशा वेळीं तिनें नाचलें पाहिजे असें मुळींच नाहीं. धान्य भाजतांना त्याचा रंग कसा पालटतो, भाजणी किती बारीक दळावी, थालिपिठाला मध्यें भोंक कां पाडतात, हें तीस सेकंदांत दाखवितां येतें. पाहणाऱ्याला त्यांतून कांहीं शिकावयास मिळतें, तो तें जपून ठेवतो, बहिणीला पाठवितो, आणि त्याबरोबर भाजणीचें नांवहि पोंचतें. येथें माध्यमाची नवी रीत स्वीकारली गेली, परंतु सांगण्याचा विषय तिच्या धंद्यांतलाच राहिला.

नवा प्रयोग लागू पडला काय, हें ठरविण्याचें माप मात्र योग्य असावें. तिनें महिनाभर दोन प्रकार आळीपाळीनें करून पाहावे आणि मागणी नोंदविणाऱ्या प्रत्येकाला ‘कोठें पाहिलेंत?’ असें विचारून उत्तर वहींत लिहून ठेवावें. समजा, एक गमतीची चित्रफीत एक लाख लोकांनीं पाहिली आणि तिच्यामुळें चार मागण्या आल्या. भाजणी भाजण्याची चित्रफीत आठशें लोकांनींच पाहिली, परंतु तिच्यामुळें अकरा मागण्या आल्या. पहिलीनें कौतुक झालें, दुसरीनें घर चाललें. पैसे देऊन केलेल्या जाहिरातीचाहि हिशेब असाच मांडावा. २,००० रुपये खर्चून दहा मागण्या आल्या, तर एका मागणीस २०० रुपये पडले. एका पुड्यामागें सुटणारा नफा ८० रुपये असेल, तर हा व्यवहार वरकरणी तोट्याचा दिसतो. परंतु त्या दहांपैकीं पांच गिऱ्हाइकें वर्षांतून सहा वेळां परत येत असतील, तर त्यांच्याकडून ३० पुड्यांचा, म्हणजे २,४०० रुपयांचा नफा होतो आणि उरलेल्या पांचांचे ४०० रुपये निराळे मिळतात. एकूण २,८०० रुपये होऊन जाहिरातीचा खर्च भरून निघतो. कोणतें गिऱ्हाईक परत आलें, हें वहीवांचून कळत नाहीं. म्हणून वही आधीं, जाहिरात मागाहून.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकांची यादी स्वतःजवळ असणें. फेसबुकवरील चाहते हे फेसबुकच्या जागेंत भेटणारे लोक आहेत. जागेच्या मालकानें दार लावलें, कीं भेट संपली. ज्या गिऱ्हाइकानें राजीखुषीनें आपला फोन नंबर दिला, त्याला मात्र कोणतेंहि माध्यम बुडालें तरी फोन करतां येतो. लहान धंद्यांसाठीं निराळें व्हॉट्सअ‍ॅप जानेवारी २०१८ मध्यें निघालें. त्यांत मालाची सूची भावांसह मांडतां येते. त्यांतील प्रसारण-यादीचा संदेश ज्यानें दुकानाचा नंबर आपल्या फोनमध्यें नोंदविला आहे, त्यालाच मिळतो. म्हणून पुड्यावर नंबर छापणें आणि तो नोंदवून ठेवण्याची विनंती करणें, हें लहानसें काम फार उपयोगी पडतें. परंतु संमति घेतल्यावांचून कोणाला संदेश पाठवूं नयेत, आणि संमति असली तरी रोज पाठवूं नयेत. चैत्रांत आंब्याच्या लोणच्याची आणि दिवाळीपूर्वीं फराळाची आठवण गोड वाटते. रोज सकाळीं आलेली जाहिरात गिऱ्हाइकाला दूर लोटते.

लाट कधीं कधीं बाहेरून, न मागतां येते. जून २०२५ मध्यें प्राडा या इटलीच्या कंपनीनें मिलान येथील पोशाखांच्या प्रदर्शनांत कोल्हापुरी वहाणांसारख्या वहाणा मांडल्या. आरंभीं कोल्हापूरचें नांवहि घेतलें नव्हतें. टीका झाल्यावर त्या भारतीय हस्तकलेवरून सुचल्या, असें कंपनीनें मान्य केलें. त्या दिवसांत समाजमाध्यमांवर कोल्हापुरी वहाणेची चर्चा जिकडे तिकडे चालली होती. अशा वेळीं ज्या कारागिराजवळ आपल्या कामाचीं स्वच्छ छायाचित्रें, मापांचा तक्ता आणि उत्तर देणारा नंबर तयार असतो, त्यालाच या चर्चेचा उपयोग होतो. वनस्पतींपासून काढलेल्या द्रव्यांनीं कमावलेलें कातडें, हातानें घातलेली वेणी, आणि महाराष्ट्र व कर्नाटक यांतील आठ जिल्ह्यांसाठीं २०१९ सालीं मिळालेलें भौगोलिक मानांकन, एवढें सांगितलें तरी पाहणाऱ्याला अस्सल आणि नक्कल यांतील भेद कळतो. त्याचबरोबर आपल्या हातून महिन्याला किती जोड होतात, हेंहि त्यानें स्पष्ट सांगावें. लाटेच्या भरांत दुप्पट मागण्या घेऊन त्या वेळेवर न देणारा कारागीर नवें गिऱ्हाईक तर गमावतोच, आणि जुनेंहि गमावतो.

माध्यम कोणतेंहि असो, सचोटीचे नियम बदलत नाहींत. पैसे देऊन विकत घेतलेले खोटे चाहते चित्रफीत पाहत नाहींत आणि मालहि घेत नाहींत. उलट इतके चाहते असून कोणीच पाहत नाहीं, हें यंत्रणेच्या ध्यानांत येतें. प्रसिद्ध व्यक्तीला पैसे किंवा फुकट माल देऊन स्तुति करविली असेल, तर तें उघड सांगावें लागतें. जाहिरात-व्यवसायाच्या स्वनियमन मंडळानें २०२१ सालीं आणि केंद्र सरकारनें २०२२ सालीं तशीं मार्गदर्शक तत्त्वें घालून दिलीं आहेत. अमुक चूर्णानें मधुमेह बरा होतो, असल्या जाहिरातींचा मोह तर सर्वथा टाळावा. ज्या घरीं ती वाचली जाते, त्या घरचा रोगी त्या शब्दांवर विसंबलेला असतो.

एकट्या माणसाच्या शक्तीला मर्यादा असतात, हेंहि विसरूं नये. पांच माध्यमांवर अर्धवट उभें राहण्यापेक्षां, आपलें गिऱ्हाईक जेथें खरोखर येतें अशीं दोनच माध्यमें निवडून आठवड्यांतील ठराविक तास त्यांना द्यावेत, आणि तीन-चार महिन्यांनीं वही पुढें घेऊन निवड पुन्हां तपासावी. एखादें माध्यम सहा महिने मागणी देत नसेल, तर तेथें पत्ता व नंबर तेवढा ठेवून श्रम दुसरीकडे वळवावेत.

महाराष्ट्रांत या विषयाचा एक जुना धडा उपलब्ध आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानें १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ नांवाचें पत्र काढलें, तें आपल्या मालाची आणि कारखान्याची माहिती लोकांना व्हावी म्हणून. संपादक शं. वा. किर्लोस्कर यांनीं त्यांत वाचकाच्या उपयोगाचा मजकूर घातला. पत्र वाढत गेलें आणि पुढें ‘किर्लोस्कर’ मासिक होऊन मराठी घरांत मानानें वाचलें जाऊं लागलें. त्या काळीं साधन छापखान्याचें होतें, आज तें हातांतील फोनचें आहे, आणि उद्यां आणखी कोणतें येईल. त्या प्रत्येक वेळीं व्यापाऱ्याला नवें साधन हातीं धरावें लागेल. परंतु पाहणाऱ्याला कांहीं तरी उपयोगाचें देणें, दिलेला शब्द पाळणें आणि परत येणाऱ्या गिऱ्हाइकाची नोंद ठेवणें, हीं कामें त्याचीं त्यालाच करावीं लागतील. तीं ज्यानें केलीं, त्याचा धंदा एखादें माध्यम बंद पडल्यानें बसणार नाहीं.