एका पट्टीखाली सोळा व्हायोलिन

सांगली जिल्ह्यातील विटा हे खानापूर तालुक्याचे ठिकाण यंत्रमागांसाठी ओळखले जाते. तिथे भजनी मंडळ, बँड किंवा बँजो पार्टी जमवणे अवघड नाही. परंतु व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास यांचा पूर्ण ताफा एका खोलीत बसवून आपण लिहिलेले कसे वाजते हे ऐकण्याची सोय अशा गावात होणे जवळपास अशक्य असते, आणि शेजारी मागांची खडखड चालू असेल तर घरात मायक्रोफोन लावून एकटे व्हायोलिन ध्वनिमुद्रित करणेही कठीण होते. म्हणूनच संगणकातील सॅम्पल वाद्यांवर तंतुवाद्यवृंदाचे संयोजन शिकण्याला महानगरापेक्षा इथे अधिक मोल आहे, कारण शिकणाऱ्याला दुसरा वाद्यवृंद उपलब्धच नाही.

सॅम्पल म्हणजे खऱ्या वादकांनी वाजवलेल्या एकेका स्वराचे ध्वनिमुद्रण होय. तोच स्वर हळू, मध्यम आणि जोरकस अशा वेगवेगळ्या जोराने, तसेच लांब गज, उडता गज, बोटाने छेडलेली तार, थरथरता गज अशा निरनिराळ्या पद्धतींनी मुद्रित करून ठेवला जातो आणि कीबोर्डची पट्टी दाबताच संगणक त्यातला योग्य तुकडा ऐकवतो. या कल्पनेचे एक आरंभीचे रूप 1963 च्या मेलोट्रॉनमधील चुंबकीय फितींत दिसते, 1979 मध्ये आलेल्या फेअरलाइट या यंत्राने ती संगणकावर आणली, आणि 2019 मध्ये स्पिटफायर ऑडिओ या ब्रिटिश संस्थेने बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राचा संच लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत मुद्रित करून प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्याची विनाशुल्क मिळवता येईल अशी छोटी आवृत्तीही निघाली. त्या संचात पहिल्या व्हायोलिनचे 16, दुसऱ्या व्हायोलिनचे 14, व्हायोलाचे 12, चेलोचे 10 आणि डबल बासचे 8 वादक आहेत.

नवशिक्याची पहिली आणि सर्वांत मोठी अडचण याच आकड्यांत दडलेली आहे. महाराष्ट्रातील बहुतेक स्वयंशिक्षित संगीतकार हार्मोनियमवरून कीबोर्डकडे येतात, त्यामुळे ‘सा ग प’ हे तीन स्वर एकाच हाताने एकत्र दाबण्याची सवय त्यांच्या बोटांत भिनलेली असते. परंतु पहिल्या व्हायोलिनच्या ध्वनीवर तीन पट्ट्या एकदम दाबल्या की सोळांऐवजी अठ्ठेचाळीस व्हायोलिन वाजू लागतात. मग सगळा आवाज मध्य सप्तकात दाटतो आणि वाद्यवृंदाचा भास होण्याऐवजी जाड, निश्चल असा एक पडदा तयार होतो. खरा वृंद हेच तीन स्वर उलगडून मांडतो: पांढरी एक या पट्टीत षड्ज धरला तर चेलोकडे खालचा षड्ज, व्हायोलाकडे पंचम, दुसऱ्या व्हायोलिनकडे गांधार आणि पहिल्या व्हायोलिनकडे वरचा षड्ज जातो, आणि पुढच्या मात्रेला यातला प्रत्येक गट आपल्या जवळच्या स्वराकडे स्वतंत्रपणे सरकतो. व्हायोलिनची सर्वांत खालची तार मंद्र सप्तकातील पांढरी पाचची, व्हायोलाची त्याच सप्तकातील पांढरी एकची आणि चेलोची तिच्याही एक सप्तक खाली, ही मर्यादा संगणक पाळायला लावतोच असे नाही. शिकणाऱ्यानेच ती पाळावी लागते.

दुसरा धडा गजाचा. हार्मोनियमचा स्वर भाता चालू आहे तोवर एकसारखा टिकतो, तर गजाचा स्वर वाढतो, ओसरतो आणि गज संपला की दिशा बदलतो. सॉफ्टवेअरमध्ये हे काम दोन नियंत्रकांकडे असते: मॉड्युलेशन, म्हणजे मिडी या 1983 च्या प्रणालीतील पहिल्या क्रमांकाचा नियंत्रक, बहुतेक संचांत हळू आणि जोरकस मुद्रणांमध्ये फिरवतो, म्हणजे आवाजाचा रंगच बदलतो, तर अकरावा नियंत्रक, एक्सप्रेशन, केवळ पातळी कमी-जास्त करतो. पट्टी दाबून ही दोन्ही नियंत्रणे स्थिर ठेवली, तर कितीही महागडा संच असला तरी तो निर्जीव वाटतो, आणि हा दोष संचाचा नव्हे, न हलणाऱ्या डाव्या हाताचा असतो.

ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले संगीतकार मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. त्यांतील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू, तर सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांचे संयोजक. प्रभाकर जोग आणि अनिल मोहिले या मराठी व्हायोलिनवादकांनीही संयोजक म्हणून मोठे काम केले. जोगांचे व्हायोलिन 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’च्या साथीत होते, आणि त्या गीतांचे कवी ग. दि. माडगूळकर यांचे जन्मगाव शेटफळे हे विट्याशेजारच्या आटपाडी तालुक्यातले. अशा साथीतल्या व्हायोलिनची रीत युरोपीय वृंदाहून वेगळी आहे: ते गायकाच्या मागोमाग जाते, ओळींमधल्या मोकळ्या जागा भरते आणि मुख्यतः एकाच सुरावटीवर चालते. मुंबईच्या गाण्यांतही वीस-पंचवीस व्हायोलिनवादक बहुधा एकच पीस मींडेसह एकसुरात वाजवत असत. डिसोझांनी मुख्य चालीला समांतर दुसरी सुरावट खुबीने गुंफली खरी, तरी एकसुरी मींड हीच त्या आवाजाची ओळख राहिली. पुढे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आले आणि हे ताफे पांगले. 2016 च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांना वृंद ध्वनिमुद्रित करायला लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजपर्यंत जावे लागले, ही गोष्ट त्या पोकळीची साक्ष देते.

त्यामुळे लंडन-व्हिएन्नात मुद्रित झालेल्या संचांत चार भागांची मांडणी तयार मिळते, पण मराठी कानाला हवी असलेली मींड मिळत नाही. संचातील ‘लेगाटो’ म्हणजे एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाण्याचे मुद्रित संक्रमण ठरावीक लांबीचे असते. रिषभापासून पंचमापर्यंत रेंगाळत जाणारी मींड पिचबेंडने ओढावी लागते आणि ती ओढताना मुद्रणातील कंपनाचा वेगही बदलतो, म्हणून लांब मींडेसाठी कंपनरहित सॅम्पल घेऊन कंपन नंतर वेगळे भरणे हा अधिक प्रामाणिक मार्ग होय.

स्वरस्थानांचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे आणि तो सांगली जिल्ह्याला विशेष जवळचा आहे. मिरजेत शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकापासून घडवलेले तानपुरे जगभर गेले. पंढरपूर-मंगळवेढा परिसरातील भोपळ्यापासून बनणाऱ्या या वाद्याच्या षड्जाच्या तारेतून न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग म्हणजे सेंट कल्पिले, तर हा नैसर्गिक गांधार षड्जापासून सुमारे 386 सेंटवर असतो, तर कीबोर्डचा गांधार 400 सेंटवर. पांढरी एकच्या मध्य षड्जावर या चौदा सेंटच्या फरकाने सेकंदाला सुमारे अडीच वेळा आवाज हेलकावतो, आणि सोळा व्हायोलिनांचा गांधार तानपुऱ्यावर ठेवला की तो हेलकावा झाकला जात नाही. जिवंत वादक कानाने बोट खाली सरकवतात. संगणकावर त्या गटाच्या गांधाराला ट्यूनिंगच्या तक्त्यातून तेवढे उतरवावे लागते, मात्र तोच गट पुढच्या आवर्तनात दुसऱ्या षड्जावरच्या मेळात गेला तर तोच स्वर पुन्हा जागेवर आणावा लागतो. पंचमाच्या बाबतीत फरक जेमतेम दोन सेंटचा असल्याने ही खटपट लागत नाही.

संयोजन पूर्ण झाल्यावर ते मिरज-सांगलीच्या किंवा मुंबईच्या वादकांपुढे ठेवायचे असेल, तर आणखी एक काम उरते. नियंत्रकांच्या रेषांत केलेले चढउतार, मींडेची लांबी, कोणत्या स्वरावर गज बदलायचा हे सॉफ्टवेअरने छापलेल्या स्वरलिपीत आपोआप उमटत नाही. तिथे फक्त स्वर आणि मात्रा दिसतात. म्हणून गजाची खूण, मींडेची रेघ आणि जोराची अक्षरे प्रत्येक गटाच्या कागदावर हाताने घालावी लागतात, आणि त्या खुणा करताना एका गजात न मावणारे स्वर कुठे लिहिले गेले आहेत हे पहिल्यांदाच लक्षात येते.