बचत वाढली, मग वाढ कुठे अडली?

१९७८-७९ साली भारताच्या बचतीने राष्ट्रीय उत्पन्नाच्या वीस टक्क्यांचा टप्पा ओलांडला. पाव शतकापूर्वी हाच आकडा दहाच्या आसपास घुटमळत होता. म्हणजे नियोजनाच्या पुस्तकात जे लिहिलं होतं ते घडलं होतं. एका गरीब देशाने पोटाला चिमटा घेऊन बचत दुप्पट करून दाखवली होती. तरी कुणी पेढे वाटले नाहीत. कारण पुस्तकातली पुढची ओळ खरी ठरली नव्हती. वाढीचा दर साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता, तिथेच होता. राज कृष्ण यांनी त्याला ‘हिंदू रेट ऑफ ग्रोथ’ हे खवचट नाव दिलं तेही याच सुमारास. आज ते नाव राजकीय भांडणात वापरलं जातं. त्यामागचं कोडं मात्र फारसं कुणी उघडून बघत नाही.

ते पुस्तक कुठून आलं? रॉय हॅरॉड यांनी १९३९ मध्ये आणि एव्हसी डोमर यांनी १९४६ मध्ये मांडलेला हिशेब शाळकरी त्रैराशिकाइतका सोपा होता. एक रुपयाचं जादा उत्पादन काढायला तीन रुपयांचं भांडवल लागत असेल, तर बारा टक्के गुंतवणुकीतून चार टक्के वाढ मिळणार. वाढ हवी तर बचत वाढवा. १९५४ मध्ये आर्थर लुईस यांनी या त्रैराशिकाला इतिहासाची जोड दिली. कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर जन्मलेले आणि तेव्हा मँचेस्टरला शिकवणारे लुईस म्हणाले की, राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार-पाच टक्के बचत करणारा समाज बारा-पंधरा टक्क्यांवर कसा पोचतो, हाच विकासाच्या शास्त्रातला कळीचा प्रश्न आहे. त्यांचं उत्तर असं : शेतीतली फाजील माणसं कारखान्यात येतील, मजुरी फारशी वाढणार नाही, नफा फुगेल आणि नफा कमावणारा तो पुन्हा गुंतवेल. बचत करणार तो भांडवलदार. महिन्याला पोस्टात वीस रुपये टाकणारी प्राथमिक शाळेतली बाई त्यांच्या हिशेबात जवळजवळ नव्हतीच.

दिल्लीत प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं गणित आणखी वेगळं होतं. पैशातल्या बचतीची त्यांना फार चिंता नव्हती. देशात यंत्रं बनवणारी यंत्रं किती, यावर उद्याची गुंतवणूक ठरते. तेव्हा आधी पोलाद, आधी अवजड उद्योग. १९५६ ची दुसरी पंचवार्षिक योजना या पायावर उभी राहिली. विरोधाचे सूर होते. बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्येच भिन्नमतपत्रिका जोडून बजावलं होतं की, एवढी बचत देशात नाही आणि तुटीच्या अर्थभरण्याने ती निर्माणही होणार नाही. मुंबई विद्यापीठातले सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांचा आक्षेप मला अधिक मुळाशी जाणारा वाटतो. कामगार धान्य खातो, कापड नेसतो. या वस्तूंचा पुरवठा वाढवला नाही तर हाताला काम देणार कशाच्या बळावर, असं त्यांनी १९५६ मध्ये विचारलं. १९६५-६६ आणि १९६६-६७ असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले, अमेरिकेच्या गव्हाची जहाजं बंदरात लागली की इथे रेशन मिळू लागलं, आणि मुंबईकरांचा आक्षेप किती नेमका होता ते दिसलं. तोवर पंचवार्षिक योजनेलाच तीन वर्षांची सुट्टी द्यावी लागली होती.

बचत वाढली ती त्यानंतर, आणि ती लुईसच्या भांडवलदाराने वाढवली नाही. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. तेव्हा देशात बँकांच्या सव्वाआठ हजारांच्या आसपास शाखा होत्या; १९८० पर्यंत त्या बत्तीस हजारांवर गेल्या. तालुक्याच्या गावाला शाखा आली, मग बाजाराच्या गावाला. १९७३ नंतर आखातातून पैसे येऊ लागले. दारावर येऊन दिवसाला रुपया-दोन रुपये गोळा करणारा पिग्मी एजंट, पोस्टाची आवर्ती ठेव, विम्याचा हप्ता, पगारातून कापला जाणारा प्रॉव्हिडंट फंड या मार्गांनी ही बचत साठत गेली. सत्तरीच्या अखेरीस देशाच्या एकूण बचतीत घरगुती क्षेत्राचा वाटा दोन-तृतीयांशाहून अधिक होता. गरीब माणूस बचत करत नाही, त्याला ती शिकवावी लागते, हा सरकारी जाहिरातींतला सूर तेव्हाही चुकीचा होता.

मग पैसा गेला कुठे? पन्नाशीच्या दशकात एक रुपया जादा उत्पादनामागे तीन-साडेतीन रुपये लागत होते, तर सत्तरीच्या अखेरीस जवळपास सहा. जगदीश भगवती आणि पद्मा देसाई यांनी १९७० मध्ये परवाना पद्धतीची जी चिरफाड केली, तिच्यात याचं बरंचसं उत्तर आहे. कोणत्या कारखान्याने किती माल काढायचा ते कागदावर ठरलेलं. ठरल्यापेक्षा जास्त काढला तर गुन्हा. आयातीचे परवाने बसवलेल्या क्षमतेच्या प्रमाणात मिळत, म्हणून आहे ती यंत्रं पूर्ण चालत नसतानाही उद्योजक आणखी यंत्रं बसवायला धावत. आकुर्डीला बनणाऱ्या बजाज स्कूटरसाठी लोक आगाऊ रक्कम भरून वर्षानुवर्षं नंबराची वाट पाहत. कंपनीला गिऱ्हाईक होतं, गिऱ्हाइकाकडे पैसे होते. क्षमता वाढवायला परवानगी नव्हती. त्या रांगेत अडकलेली आगाऊ रक्कम म्हणजेही कुणाची तरी बचतच.

१९७४ मध्ये ॲन क्रूगर यांनी या परवान्यांच्या मागे लागण्यात किती मूल्य वाया जातं याचा अंदाज बांधला. त्यांच्या मते भारतात १९६४ साली परवान्यांच्या जोरावर मिळू शकणारी मलई राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के होती. आकडा ढोबळ आहे, त्यावर वादही झाले. पण बचतीच्या दराशेजारी ठेवून पाहिला की डोळे उघडतात. ब्रह्मानंदांनी १९८२ मध्ये उत्पादकतेवर जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि वाढता खर्च व घटतं फळ हेच त्याच्या उपशीर्षकात घातलं. १९५६ चा मुद्दा सोडून देणारा हा माणूस नव्हता.

दुसरी शंका अशी की, बचत खरंच एवढी वाढली होती का? रिझर्व्ह बँकेने के. एन. राज यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला आणि १९८२ मध्ये १९५०-५१ ते १९७९-८० या तीस वर्षांच्या आकड्यांची झडती झाली. हा भाग रुक्ष समजून वगळला जातो, पण खरी गंमत इथेच आहे. आपल्या राष्ट्रीय लेख्यांत घरगुती बचत घरोघरी जाऊन मोजली जात नाही. ती उरते. बँकांतल्या सगळ्या ठेवी घ्यायच्या, त्यांतून कंपन्यांच्या आणि सरकारच्या वजा करायच्या. राहिल्या त्या घरगुती. देशात किती सिमेंट, लोखंड, लाकूड, विटा खपल्या त्यावरून एकूण बांधकामाचा अंदाज घ्यायचा, त्यांतून सरकारी आणि कंपन्यांचं बांधकाम काढायचं. उरलेलं घरगुती भांडवल, आणि तेवढीच घरगुती बचत असंही धरायचं. कंपन्यांच्या आकड्यात चूक झाली की ती मुकाट्याने घरगुती खात्यात येऊन बसते. शिवाय या ‘घरगुती’मध्ये नुसती कुटुंबं नाहीत, किराणा दुकानदार आहे, भागीदारीतला कापडवाला आहे, शेतकरी आहे आणि देवस्थानंही आहेत. सोनं तर कित्येक वर्षं उपभोगात जायचं, लुगड्याच्या आणि साखरेच्या रांगेत. लग्नात पाटल्या करणाऱ्या आईला कुणी विचारलं असतं तर तिने हे वर्गीकरण हाणून पाडलं असतं. त्यात भर म्हणजे यंत्रसामग्री इतर वस्तूंपेक्षा वेगाने महाग होत होती. रुपयांत गुंतवणूक फुगलेली दिसे, हातात येणारी यंत्रं त्या मानाने थोडी असत.

१९९१ मध्ये परकीय चलनाचा खडखडाट झाला, रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं तारण म्हणून लंडनला गेलं, २४ जुलैला मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. ही कथा इतक्यांदा सांगून झाली आहे की पुन्हा नको. बचतीच्या दृष्टीने त्या वर्षाची महत्त्वाची गोष्ट नरसिंहम समितीच्या अहवालात आहे. बँकेत शंभर रुपये ठेव आली की त्यांतले निम्म्याहून अधिक रोख राखीव आणि सरकारी रोख्यांतच अडकत. रोख्यांचंच प्रमाण साडेअडतीस टक्क्यांवर गेलं होतं. उरलेल्यातला मोठा भाग प्राधान्य क्षेत्राला. ठेवीदाराची बचत बँकेतून कुठे जाणार, हे आधीच ठरलेलं असे. समितीने हे बंधन सैल करायला सांगितलं.

संशोधकांचा पुढचा वाद मात्र अनपेक्षित दिशेने गेला. वाढीचा वेग नेमका कधी बदलला? आकडे सांगत होते की तो १९८० च्या आसपासच साडेपाच टक्क्यांकडे सरकला, १९९१ च्या दहा वर्षं आधी. ब्रॅडफर्ड डीलाँग यांनी हे ठासून मांडलं. दानी रॉड्रिक आणि अरविंद सुब्रमण्यम यांनी २००४ मध्ये कारण दिलं : इंदिरा गांधी १९८० मध्ये परतल्या तेव्हा सरकारचा व्यापाऱ्या-उद्योजकांकडे पाहण्याचा नूर बदलला. अरविंद पानगढिया यांनी उलट दाखवलं की, ऐंशीची वाढ ठिसूळ होती, कर्जावर उभी होती आणि तिचा शेवट १९९१ च्या संकटात झाला. मला दोघेही थोडे घाईत वाटतात. नूर मोजायला साधन नाही, आणि ठिसूळ म्हणून ती वाढ झालीच नाही असं होत नाही. पण या वादाने एक केलं : सुधारणा म्हणजे एका दुपारी संसदेत वाचलेलं भाषण, ही समजूत मोडली.

दरम्यान मूळ त्रैराशिकच उलटं फिरलं होतं. ख्रिस्तोफर कॅरोल आणि डेव्हिड वाइल यांनी १९९४ मध्ये अनेक देशांचे आकडे तपासून म्हटलं की, आधी वाढ येते, बचत तिच्या मागून. पूर्व आशियात उत्पन्न झपाट्याने वाढलं, खर्चाच्या सवयी मागे राहिल्या आणि फरक साठत गेला. चीनमध्ये तर बचत एकूण उत्पन्नाच्या पन्नास टक्क्यांवर गेली. त्याची कारणं शोधताना शांग-जिन वेई आणि शिआओबो झांग २०११ मध्ये लग्नाच्या बाजारात पोचले. मुलींची संख्या घटलेल्या भागांत मुलाचे आई-बाप अधिक बचत करतात, कारण घर नसेल तर सोयरीक जमत नाही. इथल्या उपवर मुलांच्या आई-बापांना हे वेगळं समजावून सांगायला नको. २००७ मध्ये ईश्वर प्रसाद, रघुराम राजन आणि सुब्रमण्यम यांनी आणखी एक समजूत हलवली : बिगर-औद्योगिक देशांत जे परकीय भांडवलावर कमी विसंबले, ते हळू नाही तर जास्त वेगाने वाढले होते.

भारतातही बचत वाढीच्या मागूनच आली. २००७-०८ मध्ये बचत ३६.८ टक्क्यांच्या शिखरावर गेली, पण त्या झेपेत घरगुती बचतीचा भाग थोडा. पाचव्या वेतन आयोगानंतर उणे झालेली सार्वजनिक क्षेत्राची बचत पुन्हा अधिक झाली आणि कंपन्यांचे नफे फुगले. लुईसचा भांडवलदार पन्नास वर्षं उशिरा का होईना, हजर झाला. फक्त वाढ आधी आली होती.

२०१२ नंतर दर तिशीच्या आसपास उतरला, आणि आता भांडण घरगुती खात्यावरून आहे. २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे ठेवी-विमा-फंडातून कर्जं वजा केल्यावर उरलेली रक्कम, उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास आली. कित्येक दशकांतला नीचांक. सरकारी बाजू म्हणते की लोक घरं आणि गाड्या घेत आहेत, हे विश्वासाचं लक्षण. टीकाकार म्हणतात की मिळकत पुरत नाही म्हणून उसनवारी चालू आहे. राष्ट्रीय लेख्यांना हे ठरवता येणार नाही. पिंपरीत फ्लॅट घेणाऱ्याचं गृहकर्ज आणि आईच्या ऑपरेशनसाठी काढलेलं वैयक्तिक कर्ज आर्थिक बचतीतून सारखंच वजा होतं. फरक एवढाच की फ्लॅट पलीकडच्या रकान्यात भौतिक बचत म्हणून परत दिसतो, ऑपरेशन दिसत नाही. आणि तो पलीकडचा रकाना अजूनही सिमेंट-लोखंडाच्या खपातून वजाबाकी करूनच भरला जातो. सी. रंगराजन यांच्या समितीने २००९ मध्ये या पद्धतीची पुन्हा तपासणी केली, सुधारणाही सुचवल्या. कोणत्या घराने कशासाठी कर्ज काढलं आणि फेडताना काय विकलं, हे कळायला मात्र त्याच घराकडे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा जाऊन विचारावं लागेल.