कोणत्या कॉम्प्युटर परीक्षेला पैसे घालावेत?

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. विहारात वंदना आटोपल्यावर वस्तीतील एक भगिनी मागे थांबल्या. पिशवीतून एक गुळगुळीत पत्रक काढून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही ऑफिसातले माणूस. एवढं वाचून सांगा." मुलगा बारावी पास. खाजगी क्लासचा प्रोग्रामिंगचा कोर्स, फी ७५ हजार, नोकरीची शंभर टक्के हमी! बाई चार घरची धुणीभांडी करतात. भिशी उचलून आणि कानातले मोडून पैसे भरायची त्यांची तयारी होती.

पत्रक दोनदा वाचले. परीक्षा कोण घेणार, हे कुठेच छापलेले नव्हते. म्हणजे क्लासच शिकवणार, क्लासच पास करणार. त्या कागदाला क्लासच्या दाराबाहेर कोण विचारतो? सन २००० च्या सुमारास मीही अशाच एका क्लासात वर्षाची फी एकदम भरली होती. सहा महिन्यांनी दाराला कुलूप दिसले.

आपल्या पालकांचा आणखी एक घोळ होतो. एमएस-सीआयटी झाले म्हणजे मुलगा प्रोग्रामर झाला, असे त्यांना वाटते. २००१ साली सुरू झालेला हा कोर्स कॉम्प्युटर वापरायला शिकवतो. सरकारी नोकरीच्या अर्जाला तो लागतो, तेव्हा जरूर करावा. पण प्रोग्राम लिहिणे ही वेगळी विद्या आहे.

बारावीच्या मुलामुलींसाठी माझे मत 'ओ लेव्हल'कडे झुकते. केंद्र सरकारच्या नाइलिट या संस्थेची ही परीक्षा. पूर्वी हिलाच डोएक म्हणत. चार पेपर असतात आणि त्यांत पायथन भाषेतील प्रोग्रामिंगचा एक स्वतंत्र पेपर आहे. प्रॅक्टिकल व प्रोजेक्ट वेगळे. परीक्षा साधारणपणे जानेवारीत व जुलैत होते. ज्या विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९९४ पर्यंत आपल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, रक्त सांडले, त्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात नाइलिटचे केंद्र आहे. काही केंद्रांत अनुसूचित जाती-जमातींसाठी मोफत वर्गही निघतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या कायदादुरुस्तीने मिळाल्या, पण केंद्राच्या दाखल्यावर मूळ जातीचा उल्लेख लागतो. नुसते 'बौद्ध' लिहिलेला कागद खिडकीवरून परत येतो. दाखला आधी काढावा, शेवटच्या दिवशी तहसीलमध्ये धावू नये.

पदवी झालेल्यांसाठी ओरॅकल कंपनीची जावाची परीक्षा आहे. जावा १७ च्या परीक्षेत नव्वद मिनिटांत पन्नास प्रश्न सोडवावे लागतात. नाव मोठे, पण फी जड. आणि मुलाखतीला बसलेला साहेब प्रमाणपत्र बाजूला ठेवून समोर प्रोग्राम लिहायला सांगतो, तेव्हा पाठांतर उघडे पडते. म्हणून आधी शिकावे, मग फी भरावी. केंद्र सरकारच्या 'स्वयम'वर २०१७ पासून असे अभ्यासक्रम आहेत. शिकणे फुकट, परीक्षा द्यायची असेल तरच फी.

त्या भगिनींना हेच सांगितले. मुलाने 'स्वयम'वर पायथनसाठी नाव घातले आहे. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून अभ्यासिकेतला जुना कॉम्प्युटर संध्याकाळी सात ते नऊ त्याला दिला आहे. परवा आणखी दोन मुली विचारून गेल्या. आता वेळ वाटून द्यावी लागेल.